पावणेपाचचा चहा

बटणाला चार भोकं होती हे तिला बोटाच्या टोकानं कळलं... उशीच्या अभ्र्यावरचं बटण नव्हे, गालावर उमटलेलं. अभ्र्याचं बटण झोपेत गालाखाली आलं होतं आणि आता उजव्या गालाच्या मधोमध त्याचा शिक्का बसला होता, गोल, आत चार बारीक टिंबं. विनतानं आरशात वाकून पाहिलं. पंचविशीत असा वळ दात घासून होईपर्यंत निघून जायचा, चाळिशीत चहा होईपर्यंत रेंगाळायला लागला, आणि आता चौपन्नाव्या वर्षी आलेल्या पाहुण्यासारखा आंघोळ, नाश्ता सगळं आटोपूनच निघायचा. पण वळाच्या आजूबाजूला जे होतं — तिनं चेहरा खिडकीतल्या उजेडाकडे वळवला — ते मात्र बघण्यासारखं होतं. डोळ्यांखालचं सावट गेलेलं. गालांवर एक प्रकारची तुकतुकी. ओठांच्या कडेला ज्या दोन रेघा कायमच्या मुक्कामाला आल्यात असं तिनं धरून चाललं होतं, त्याही कुठे बाहेरगावी गेल्यासारख्या.

“काय बाई,” ती आरशाला म्हणाली, आणि आपल्यालाच लाजली.

सव्वासात वाजले होते. सव्वासात! रविवार असला म्हणून काय झालं, दुपारपाळीच्या शाळेत गणित शिकवणारी, सून म्हणून नांदलेली, लग्नानंतरच्या एकोणतीस वर्षांत पाचच्या पुढे कधी न झोपलेली बाई सव्वासातला उठते, आणि तेही आज अकरावा दिवस. पहिल्या दिवशी तिला वाटलं, आजारी पडलो. दुसऱ्या दिवशी वाटलं, घड्याळ बिघडलं. तिसऱ्या दिवशी मात्र तिनं जाग आल्यावर मुद्दाम कूस बदलली, पांघरूण कानावर ओढलं, आणि चोरून लोणचं खाल्ल्यासारखी पुन्हा अर्धा तास झोपली. त्या दिवसापासून चेहरा फुलायला लागला.

आणि दिवाकर नागपूरला गेले त्यालाही आज अकराच दिवस होत होते. हेच तर सगळं दुखणं होतं.

त्यांच्या ताईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, घरात दुसरं कुणी नाही, म्हणून ते गेले. आज संध्याकाळी सात-वीसच्या गाडीनं परत येणार. म्हणजे उद्या पहाटे पावणेपाचला स्वयंपाकघरातला दिवा लागणार, भांडं ओट्यावर टेकणार, आणि मग तो आवाज... ‘विनू, चहा झाला गं.’ एकोणतीस वर्षं तोच आवाज, तेवढ्याच पट्टीत. फॅक्टरीत पहिली पाळी सहाची असायची. साडेपाचला स्कूटर काढावी लागे आणि ओव्हरटाइम करून संध्याकाळी माणूस घरी येई तो सातला, तेव्हा घरात सासूबाई, शेजारी, शिकवणीची पोरं. नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं कधी? तर पावणेपाच ते साडेपाच. रिटायर होऊन वर्ष झालं, फॅक्टरीचा भोंगा आता त्यांच्यासाठी वाजत नाही, तरी पावणेपाच वाजायचे काही थांबले नाहीत.

ते थांबवायला कुणीतरी बोलायला हवं होतं. आणि तिला बोलता येत नव्हतं.

नऊ वाजता प्रणोतीचा व्हिडिओ कॉल आला. मुलगी बंगळूरला नोकरीला, मराठी समजतं सगळं, बोलताना मात्र गाडी हिंदीच्या रुळावर जाते.

“आई, जरा पास ये ना. अरे, फेस कसला ग्लो करतोय तुझा! काय लावून राहिली तू?”

“काही नाही गं. उजेड पडलाय खिडकीतून.”

“झूठ. मी भेजलेलं पिलोकव्हर लावलं ना? सिल्कवालं?”

“हो तर,” विनता म्हणाली. ते दोन्ही रेशमी अभ्रे कपाटात होते, प्लास्टिकच्या पिशवीसकट, पाहुण्यांसाठी. इतकी गुळगुळीत वस्तू रोजच्या डोक्याखाली घ्यायची म्हणजे... तेल लागलं तर?

“देख, मी बोलले होते ना. स्किन रात्री झोपेतच रिपेअर होते. सात घंटे तो चाहिए ही. मोबाइल लांब, खोलीत अंधार, अन् सकाळी कोणी उठवायचं नाही. बाबा गेले तर तुला पहिल्यांदा झोप मिळाली, बस यही है. बाबांना स्ट्रेट सांग ना, की सुबह मत उठाओ.”

“तूच काहून नाही सांगत?”

“अच्छा! तुमची लव्हस्टोरी, मी काहून बीच में येऊ?” असं म्हणून ती हसली आणि कॉल संपला.

लव्हस्टोरी! विनतानं पोळ्यांची कणीक भिजवायला घेतली. कणकेत पाणी जास्त पडलं... लग्नाचा तिसरा दिवस आठवत होता. क्वार्टरमधलं ते चिमुकलं स्वयंपाकघर आणि रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह. तिला तो पेटवता येत नव्हता, माहेरी गॅस होता, आणि हे सासूबाईंना कळायला नको होतं. दिवाकरांनी तेही ओळखलं. पंप मारला तर आवाजानं आई उठेल, म्हणून त्यांनी मागच्या व्हरांड्यात वातीचा जुना स्टोव्ह आणून ठेवला आणि अंधारात उकिडवं बसून स्वतः चहा केला. आलं जास्त झालं होतं. “काहून रडते?” त्यांनी विचारलं. “आल्यानं,” ती म्हणाली. त्या व्हरांड्यात मग प्रणोतीचं नाव ठरलं, या घराची जागा ठरली, सासूबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं तिथंच काही न बोलता बसली. सुखाचं जे काही बोलायचं ते सगळं तिथंच बोललो आपण. मग आता कुठल्या तोंडानं सांगायचं, अहो, मला झोप येते?

एकदा करून पाहिलं होतं. मागच्या पावसाळ्यात, त्यांना रिटायर होऊन दोन-तीन महिने झाले असतील. ‘चहा झाला गं’ ऐकू आलं आणि तिनं डोळे उघडलेच नाहीत. झोपल्याचं सोंग. पापण्यांच्या फटीतून दिसलं... दोन कप घेऊन ते दारात उभे राहिले. हाक मारली नाही. परत गेले, तिचा कप झाकून ठेवला, आणि आपला चहा ओट्याशी उभ्यानंच प्यायले, बनियनवर, पाठमोरे. एवढंच. पण दुसऱ्या दिवशी ती साडेचारलाच उठून बसली होती. झोपेपेक्षा ती पाठ जड पडली होती.

बरं, त्यांना तरी कुठे बरं असायचं? डोळ्यांखाली काळी वर्तुळं, दुपारी पेपर नाकावर पडला तरी जाग नाही. पहाटे चहा पिताना जांभया देत डोळे पुसायचे. “झोप झाली नाही का?” विचारलं तर, “छे, मला सवय आहे.” छत्तीस वर्षं पाळ्या केलेल्या माणसाची सवय. माणसाची सवय मोडायची म्हणजे माणूसच मोडल्यासारखं... कणीक पार सैल झाली. तिनं मूठभर पीठ घातलं.

आणि दुसरं संकट पाच वाजता होतं. मेघनाकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू.

ते संकट मात्र तिनं स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं होतं. गेल्या रविवारी ओमतीच्या बाजारात फळवाल्यापाशी मेघना भेटली. इथल्या मराठी मंडळातली तरुण सून, घरात सासूसासरे, दोन पोरं, सकाळी सगळ्यांचे डबे. चेहरा तिचा बिचारीचा नेहमी ओढलेला. “विनताकाकू, काय लावून राहिल्या हो तुम्ही? दहा वर्षांनी लहान दिसून राहिल्या!” आता खरं सांगायचं तर सांगायचं काय? ‘आमचे हे गावाला गेलेत, म्हणून’? सौभाग्यवती बाईनं, चैत्राच्या महिन्यात, भर बाजारात? उचलली जीभ लावली टाळ्याला. “लेप आहे एक,” ती म्हणाली, “माझ्या आजीचा.” आजीनं जन्मात चेहऱ्याला साबणसुद्धा लावला नव्हता. “मसुराचं पीठ, साय, आणि उगाळून थोडंसं जायफळ.” जायफळ कुठून आलं देव जाणे, मनात झोप होती म्हणून आलं असणार. आणि मेघना अजून तोंडाकडे बघतेय असं पाहून पुढचंही ठोकून दिलं... “पण पथ्य आहे हं. दुपारी लावायचा. खोलीत अंधार करून पडायचं. वाळेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही, उठायचं नाही. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. ओ दिली की गुण गेला.”

झालं. मंडळाच्या बायकांच्या ग्रुपवर त्या रात्रीच लेप फिरला. ‘विनताकाकूंचा आजीचा लेप.’ हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आज सगळ्याजणी विचारणार, कुणाच्या तोंडावर पुरळ आलं असेल, कुणाला जायफळ झोंबलं असेल...

या धास्तीत जेवण झालं, भांडी झाली, आणि दुपारी ती जरा पाठ टेकायला म्हणून आडवी झाली. जरा म्हणजे जराच. शेवटची दुपार, तिच्या मनात आलं, आणि लगेच जीभ चावली. नवरा घरी येणार तर हिची म्हणे शेवटची दुपार! पंखा फिरत होता. खिडकीला ओला पडदा. कसली कैदी आहे का मी, त्या माणसानं कधी आवाज चढवला नाही, भाजी आणून देतो, पाय चेपून देतो... फक्त पावणेपाचला...

डोळे उघडले तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. साडीच्या निऱ्या कशातरी खोचून, तोंडावर पाणी मारून ती निघाली. मेघनाच्या दारात पोचली आणि गुलाबपाणी उडालं तेव्हा हात गालाला गेला. बटण! पुन्हा उमटलं होतं, त्याच गालावर. पदर ओढून घेत ती आत शिरली.

आतल्या खोलीत गौर पितळी झोपाळ्यात बसली होती. पुढे कलिंगडाचं कमळ, करंज्या, आंब्याची डाळ, पन्ह्याचे पेले. आणि बायका तिच्याकडे वळल्या.

“आल्या! काकू, इकडे या, तुमची वाट बघून राहिलो!”

विनतानं मनात गौरीला हात जोडले. मेघना हळदीकुंकू लावायला पुढे आली आणि विनतानं पाहिलं तर तिचा चेहरा... ओढलेपणा गेला होता. खरंच गेला होता.

“काकू, जादू आहे हो तुमच्या लेपात! मी लावला अन् पडले, तर डोळाच लागला. दीड तास! सासूबाईंनी दोन हाका मारल्या, मी ओ दिली नाही. नंतर सांगितलं, आई, विनताकाकूंचं पथ्य आहे. आता रोज दुपारी त्याच सांगतात पोरांना, चूप रहो, मम्मी लेप लावून पडली आहे.”

“माझ्या ह्यांनी चार वाजता स्वतः चहा करून घेतला,” कोपऱ्यातून कुणी म्हणालं. “पंचवीस वर्षांत पहिल्यांदा!”

“मला तर साय मिळाली नाही,” दुसरी म्हणाली, “मी नुसतं पीठ लावलं. तरी फरक पडला.”

“मी काहीच नाही लावलं,” तिसरी हळूच म्हणाली आणि पदरात तोंड लपवून हसली. “फक्त दार लावलं.”

खोलीभर हशा पिकला. विनतालाही हसू फुटलं, सुटकेचं, आणि हसता हसता ती एकेकीकडे बघत राहिली. इतक्याजणी. इतक्या वर्षांच्या, इतक्या घरांतल्या. सगळ्यांना अर्धा तास पडायचं होतं आणि पडायला कारण हवं होतं... मसुराच्या पिठाएवढं का होईना. तिच्या खोटेपणाचं तिला एकदम फार बरं वाटलं.

बेबीमावशींनी मात्र तिला हात धरून आपल्या खुर्चीपाशी बसवून घेतलं. ब्याऐंशी वर्षांची म्हातारी, दृष्टी अजून शाबूत. त्यांनी विनताचा पदर बोटानं बाजूला केला आणि गालाकडे बघत राहिल्या.

“हे काय गं? लेपात बटण बी घालते काय तुझी आजी?”

विनतानं पदर पुन्हा गालावर ओढला. चोराच्या मनात चांदणं.

“दिवाकर नागपूरला गेला म्हणे.”

“हो. येताहेत आज. सात-वीसला.”

“हं,” बेबीमावशी म्हणाल्या. मग जवळ वाकून, डाळीची वाटी हातात तशीच धरून, त्या बोलल्या ते फक्त दोघींपुरतं. “आमचे हे रेल्वेत गार्ड होते. इटारसीकडे ड्यूटी लागली की तीन-तीन रात्री घरी नाही. मी अशी झोपायची गं, मेल्यासारखी! परत आले की म्हणायचे, आठवणीनं सुकली असशील म्हणून बघतो तर तू टवटवीत!”

“मग तुम्ही काय सांगायच्या?”

“सांगायची, तुम्ही येणार म्हणून.” म्हातारी तोंडाचं बोळकं करून हसली. “अन् ते खोटं बी नव्हतं बघ. झोप झाली की माणसाची वाट बघायला बी जोर येतो. ती बघ...” त्यांनी झोपाळ्याकडे हात केला. “महिनाभर माहेरी येते, झोपाळ्यावर बसते, कोणी उठवत नाही. काहून नाही येणार तकाकी तोंडावर?”

विनतानं गौरीकडे पाहिलं. पितळी मुखवटा चकचकत होता. चिंचेनं घासला असणार मेघनानं सकाळी. पण आज ते कारण पुरेसं वाटेना.

साडेसहाला ओटीतले भिजवलेले हरभरे पिशवीत टाकून ती थेट स्टेशनला निघाली. ऑटोत बसल्यावर वारा लागला, आणि तिच्या लक्षात आलं की आपण वाट बघतो आहोत. धास्ती तशीच होती, पण तिच्या शेजारी हेही येऊन बसलं होतं. अकरा दिवसांत पहिल्यांदा नव्हे, रोजच बघत होतो की काय? सव्वासातला उठून स्वतःचा चहा स्वतः केला, आलं कमी पडलं, रोज कमी पडलं. तेवढंच प्रमाण कसं साधतात ते, न मोजता...? सांगून टाकू. आज ऑटोतच सांगू. अहो, मला झोप हवी आहे आणि तुम्हीही हवे आहात, फक्त दोघं एकदम पावणेपाचला नका येऊ. हे वाक्य तिला बरं वाटलं. तिनं ते दोनदा मनात म्हणून पाहिलं.

गाडी वेळेवर आली. डब्याच्या दारात एक गृहस्थ उभे होते, हातात दिवाकरांची बॅग. बॅग ओळखीची म्हणून तिनं माणसाकडे पाहिलं, आणि मग कळलं, तेच. डोळ्यांखालची वर्तुळं नव्हती. छत्तीस वर्षांच्या पाळ्यांनी काढलेली ती काळी वर्तुळं, जी त्यांच्या चष्म्यासारखीच त्यांच्या तोंडाचा भाग झाली होती... पुसल्यासारखी गेली होती. गाल भरलेले. त्या व्हरांड्यात अंधारात चहा करणाऱ्या मुलासारखे काहीतरी दिसत होते.

“काय हो,” तिच्या तोंडून गेलं, “चेहरा काय झालाय तुमचा?”

“काय झालाय?” त्यांचा हात घाईनं गालाकडे गेला. “काही नाही. ताईकडचं पाणी मानवलं.”

“नागपूरचं पाणी? चैत्रात?”

“ताईला लवकर उठवायचं नव्हतं ना,” ते बॅगेच्या पट्ट्याशी खेळत म्हणाले, “डॉक्टरनं सांगितलं होतं. आवाज नको म्हणून मी बी आपला... पडून राहायचो.”

“कितीपर्यंत?”

“सात-साडेसात.” आणि लगेच, “जाग तर यायची गं पावणेपाचलाच. सवय आहे.” पण हे म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, आणि त्यांचे कान लाल झाले. एकोणतीस वर्षांत ते खोटं बोलले की कानच लाल व्हायचे.

विनता प्लॅटफॉर्मवर उभी राहिली. लोक धक्के देऊन जात होते. जांभया देत डोळे पुसणारा तो माणूस, ‘छे, मला सवय आहे’ म्हणणारा... म्हणजे वर्षभर, रिटायर झाल्यापासून वर्षभर, हे माझ्यासाठी उठत होते? आणि मी त्यांच्यासाठी? तिला हसू येत होतं, आणि हसण्याखाली कुठंतरी दुखतही होतं. मग तो चहा नेमका कुणाला हवा होता?

“तू पण,” ऑटोत बसल्यावर दिवाकर म्हणाले, तिच्याकडे नीट बघत, “काहीतरी वेगळी दिसून राहिली.”

बेबीमावशींचं उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं. तिचं स्वतःचं वाक्यही तयार होतं, दोनदा पाठ केलेलं. पण त्यांचे ते लाल कान पाहून तिला दोन्ही सांगवेना.

“लेप लावला,” ती म्हणाली.

“कसला लेप?”

“मसुराचं पीठ, साय, जायफळ. पण खरं म्हणजे पथ्यच जास्त. खोलीत अंधार करून पडायचं. उठायचं नाही. कुणी हाक मारायची नाही. मारली तरी ओ द्यायची नाही.”

ओमतीचे दिवे लागले होते, दुकानांपुढे रविवारची गर्दी होती आणि ऑटो त्यातून वाट काढत चालली होती. मग दिवाकरांनी घसा खाकरला.

“पुरुषांना चालतो का गं तो?”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मोठ्यानं हसली असती आणि मग सगळं बोलून झालं असतं. आणि बोलून झालं असतं तर तो चहा... व्हरांडा, वातीचा स्टोव्ह, जास्तीचं आलं... तो कायमचा बंद झाला असता, हे तिला एकाएकी लख्ख दिसलं. तेही नको होतं. झोप हवी होती, आणि चहाही. कपाटातले ते दोन रेशमी अभ्रे आज काढावेत, तिनं ठरवलं. एक तिला, एक त्यांना. तेल लागलं तर लागलं.

“चालत असेल,” ती म्हणाली. “विचारून सांगते.”

उद्या पावणेपाचला आपल्याला जाग येणार हे तिला ठाऊक होतं. आपण डोळे उघडायचे नाहीत, फक्त कान द्यायचा... दिवा लागतो का, भांडं वाजतं का. आणि शेजारी तेही तसेच, डोळे मिटून, श्वास धरून, माझी चाहूल घेत पडलेले असले तर? कोण आधी हसेल? लग्नाच्या तिसऱ्या दिवसानंतर उद्याची पहाट कशी जाईल हे तिला पहिल्यांदाच ठाऊक नव्हतं, आणि ऑटोच्या त्या खडखडाटात, हरभऱ्यांची पिशवी मांडीवर धरून, विनता त्या पहाटेची वाट बघायला लागली.